बुरशीतील एन्झाइमनिर्मितीवर शर्करांचे नियंत्रण: प्रयोगाची आखणी, मापन आणि निष्कर्ष

ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी सेल्युलोजवर वाढवली की माध्यमात सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारे एन्झाइम) भरपूर सापडते आणि ग्लुकोजवर वाढवली की जवळजवळ सापडत नाही. एवढे दोन फ्लास्क तुलनेला घेऊन ‘ग्लुकोजने एन्झाइमनिर्मितीचे दमन केले’ असा निष्कर्ष अनेक प्रकल्प-अहवालांत काढलेला दिसतो. हा निष्कर्ष खरा असू शकतो, पण त्या प्रयोगातून तो निघत नाही. ग्लुकोजच्या फ्लास्कमध्ये एन्झाइम कमी दिसण्यामागे निदान चार वेगळी कारणे असू शकतात. तिथे प्रेरक, म्हणजे एन्झाइमनिर्मिती सुरू करणारा पदार्थच, नव्हता. किंवा प्रेरक असूनही जनुक दाबले गेले. किंवा एन्झाइम तयार झाले पण सामू (पीएच) घसरल्याने अथवा प्रोटिएज या प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइममुळे नष्ट झाले. किंवा एन्झाइम शाबूत होते, पण माध्यमातल्या ग्लुकोजने त्याची क्रिया रोखली किंवा चाचणीच बिघडवली. ही चार कारणे एकमेकांपासून सुटी करता येतील असा प्रयोग कसा मांडावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी यंत्रणा समजून घ्यावी

बुरशी अन्न शरीराबाहेर पचवते. सेल्युलोजचा रेणू पेशीभित्तीतून आत जाऊ शकत नाही, म्हणून त्याला तोडणारी एन्झाइम बाहेर सोडावी लागतात आणि हा खर्च मोठा असतो. ग्लुकोजसारखी सहज वापरता येणारी शर्करा उपलब्ध असताना हा खर्च टाळणारी यंत्रणा म्हणजे कार्बन अपचयी दमन. ॲस्परजिलस या बुरशीमध्ये क्रे-ए आणि ट्रायकोडर्मामध्ये क्रे-१ या नावाने ओळखले जाणारे झिंक-फिंगर (जस्ताच्या आधाराने डीएनएला पकडणारे) प्रथिन एन्झाइमच्या जनुकांच्या आरंभीच्या भागात ठरावीक क्रमाच्या डीएनएला चिकटते आणि त्या जनुकांचे वाचन रोखते. ते प्रेरणेचे काम करणाऱ्या प्रथिनांची जनुकेही दाबते. ॲस्परजिलसमध्ये झायलॅनेजचे (वनस्पतींतले झायलॅन तोडणाऱ्या एन्झाइमचे) जनुक थेट दाबले जातेच, शिवाय त्याला चालू करणाऱ्या एक्सएलएन-आर या प्रथिनाचे जनुकही दाबले जाते, म्हणजे दमन दोन ठिकाणांहून होते.

दमन उठले म्हणजे उत्पादन पूर्ण जोमाने सुरू झाले, असे मात्र नाही. त्यासाठी प्रेरक लागतो. ट्रायकोडर्मात सेल्युलेजचा सर्वांत प्रभावी ज्ञात प्रेरक सोफोरोज हा आहे. दोन ग्लुकोज एकमेकांना बीटा-१,२ बंधाने जोडून तो बनतो. मेरी मँडेल्स, पॅरिश आणि एल्विन रीस यांनी १९६२ मध्ये त्याचा शोध प्रसिद्ध केला. ग्लुकोजच्या माध्यमात अनपेक्षितपणे सेल्युलेज दिसत होते आणि त्याचे मूळ ग्लुकोजमधल्या सूक्ष्म अशुद्धीत सापडले. ग्लुकोजची शुद्धता हा या विषयात केवळ कागदोपत्री मुद्दा का नाही, हे यावरून कळावे. पेशीत सोफोरोज कसे तयार होते? बुरशी अगदी थोडे एन्झाइम नेहमीच तयार करत असते. ते सेल्युलोजचे लहान तुकडे करते आणि बीटा-ग्लुकोसायडेज हे एन्झाइम त्यांतल्या काहींचे बंध बदलून सोफोरोज बनवते, असे सामान्यतः मानले जाते. प्रेरणेचा हा संकेत झायआर-१ या प्रथिनामार्फत सेल्युलेज आणि झायलॅनेज या दोन्ही गटांच्या जनुकांपर्यंत पोहोचतो.

शर्करेची मात्राही तिचे काम बदलते, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. डी-झायलोज (झायलॅनमधली शर्करा) सुमारे १ मिलिमोलर मात्रेत, म्हणजे लिटरमागे अवघ्या ०.१५ ग्रॅमवर, झायलॅनेजला प्रेरणा देते. तेच झायलोज १ टक्का, म्हणजे सुमारे ६६ मिलिमोलर, घातले तर क्रे-१ मार्फत दमन करते. म्हणून ‘झायलोज प्रेरक आहे की दमनकारी’ हा प्रश्न मात्रा सांगितल्याशिवाय विचारूच नये.

बुरशी आणि शर्करांची निवड

सुरुवातीसाठी ट्रायकोडर्मा रीसायचा मूळ स्ट्रेन (वाण) क्यूएम६ए योग्य आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सैन्याच्या कुजलेल्या कापडी साहित्यावरून तो मिळवला गेला आणि आजचे बहुतेक औद्योगिक सेल्युलेज-स्ट्रेन त्याच्यापासूनच निघाले आहेत. प्रश्न स्टार्चचा असेल तर ॲस्परजिलस नायजर घ्यावा. तिथे माल्टोज आणि आयसोमाल्टोज प्रेरक ठरतात आणि काम एएमवाय-आर या प्रथिनामार्फत चालते. पेक्टिन तोडणाऱ्या पेक्टिनेजसाठी गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल प्रेरक आहे. पुढचे वर्णन सेल्युलेज धरून केले असले तरी आखणी सर्वत्र तीच राहते.

फ्लास्कची मांडणी दोन प्रश्नांवर उभी करावी: प्रेरक आहे का, आणि ग्लुकोज आहे का. त्यातून चार मूळ फ्लास्क मिळतात. पहिल्यात फक्त १ टक्का ग्लिसरॉल असते. ते बुरशी वापरते, पण ते सेल्युलेजला प्रेरणा देत नाही आणि ग्लुकोजइतके दमनही करत नाही. दुसऱ्यात ग्लिसरॉल आणि १ मिलिमोलर सोफोरोज, तिसऱ्यात फक्त १ टक्का ग्लुकोज आणि चौथ्यात ग्लुकोजसह तेवढेच सोफोरोज. दमनाचा पुरावा मिळतो तो दुसऱ्या आणि चौथ्या फ्लास्कच्या तुलनेतून. तिसऱ्या फ्लास्कमध्ये एन्झाइम नसणे हे फक्त प्रेरक नसल्यानेही होऊ शकते. याशिवाय पाचवा फ्लास्क कार्बनस्रोताविना ठेवावा. उपासमारीत दमन उठते आणि थोडे एन्झाइम बाहेर पडते; ती पातळी माहीत नसेल तर ग्लिसरॉलच्या फ्लास्कमधला आकडा वाचता येत नाही.

सोफोरोज महाग असते. ते परवडत नसेल तर १ टक्का लॅक्टोज वापरावे. लॅक्टोज विरघळणारे आहे, प्रेरणाही देते, पण त्याचा प्रभाव सावकाश आणि कमी असतो आणि पेशीबाहेर त्याचे विघटन होऊन ग्लुकोज व गॅलॅक्टोज मिळतात. त्यामुळे चौथ्या फ्लास्कचा निष्कर्ष काहीसा धूसर होतो. सेल्युलोजची पूड तुलनेसाठी जरूर ठेवावी, पण ती मुख्य प्रेरक म्हणून घेऊ नये, कारण तिच्यातून बाहेर पडणारे ग्लुकोज किती आणि केव्हा, यावर आपला ताबा राहत नाही.

माध्यम आणि बीजाणू

मँडेल्सचे क्षारमाध्यम पुरेसे आहे. लिटरमागे अमोनियम सल्फेट १.४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २ ग्रॅम, युरिया ०.३ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.३ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.३ ग्रॅम आणि लोह, मँगनीज, जस्त, कोबाल्ट यांचे क्षार काही मिलिग्रॅम. मूळ कृतीत पेप्टोन, म्हणजे अर्धवट पचवलेली प्रथिने, हेही असते. प्रत्यक्ष प्रेरणेच्या टप्प्यात ते वगळावे, नाहीतर एक अनोळखी कार्बनस्रोत सर्व फ्लास्कमध्ये शिरतो. युरिया उष्णतेने विघटित होतो, म्हणून तो गाळून निर्जंतुक करणे चांगले. शर्करा क्षारांबरोबर ऑटोक्लेव्ह करू नयेत. अमोनियम आणि शर्करा एकत्र तापल्या की द्रावण तपकिरी होते आणि नेमकी मात्रा हातची जाते. शर्करांची दहापट तीव्र द्रावणे वेगळी करून ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्यावीत आणि नंतर मिसळावीत.

सामूकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावे. बुरशी अमोनियम आत घेते तेव्हा हायड्रोजन आयन बाहेर येतात, आणि ग्लुकोजवर वाढ जोमाने होत असल्याने नेमक्या त्याच फ्लास्कचा सामू सर्वांत वेगाने, कधी ३ च्याही खाली, जातो. मग दमन नसतानाही एन्झाइम कमी दिसते. सुरुवातीचा सामू ५ ते ५.५ ठेवावा आणि ५० मिलिमोलर पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट बफर वापरावे. सायट्रेट बफर सोयीचे वाटते, पण सायट्रेट बुरशी खाऊ शकते, म्हणून वाढीच्या माध्यमात ते टाळलेले बरे.

बीजाणूंसाठी बटाटा-डेक्स्ट्रोज अगारच्या प्लेटवर २८ अंश सेल्सिअसला पाच ते सात दिवस बुरशी वाढवावी. ट्रायकोडर्माला उजेड मिळाला की हिरवे बीजाणू चांगले धरतात. ट्वीन-८० च्या ०.०१ टक्का द्रावणाने ते हलकेच धुऊन निर्जंतुक कापसातून गाळावेत आणि हिमोसायटोमीटरमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्याच्या काचेवर) मोजावेत. कोरडे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासावाटे गेल्यास त्रास देतात. हे काम जैवसुरक्षा कपाटातच करावे.

कवकजाल वाढवून मग स्थलांतरित करावे

बीजाणू थेट वेगवेगळ्या शर्करांत टाकले तर वाढीचा वेग आणि एन्झाइमनिर्मिती यांची गल्लत होते. म्हणून सर्व कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) आधी एकाच माध्यमात वाढवावे. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर माध्यम, १ टक्का ग्लिसरॉल, मिलिलिटरमागे १० लाख बीजाणू, २८ अंश सेल्सिअस तापमान आणि मिनिटाला २०० फेऱ्यांचा शेकर, अशी व्यवस्था साधारण २४ तास चालू द्यावी. या टप्प्यात पेप्टोन चालते. ग्लिसरॉलवर वाढ थोडी सावकाश होते; तिथे घाई करून ग्लुकोज वापरू नये, कारण मग प्रत्येक फ्लास्कमध्ये आधीच्या दमनाची शेपटी येते.

नंतर सर्व फ्लास्कमधले कवकजाल एकत्र करावे, निर्जंतुक नायलॉनच्या जाळीवर गाळावे आणि कार्बनस्रोत नसलेल्या कोमट माध्यमाने दोनदा धुवावे. पाणी हलकेच दाबून काढावे आणि प्रत्येक प्रयोग-फ्लास्कला सारख्या वजनाचा भाग द्यावा. ५० मिलिलिटरला १ ग्रॅम ओले कवकजाल चालते. दोन भाग बाजूला काढून वाळवावेत, म्हणजे ओल्या वजनाचे कोरड्या वजनाशी प्रमाण कळते. गाळण्यापासून वाटपापर्यंतचे काम वीस मिनिटांत उरकावे. कवकजाल उपाशी राहिले की दमन उठू लागते आणि शेवटच्या फ्लास्कची सुरुवातच पहिल्यापेक्षा वेगळी होते. प्रत्येक स्थितीचे तीन फ्लास्क ठेवावेत. एकाच फ्लास्कमधून तीनदा घेतलेला नमुना तीन फ्लास्कची जागा घेऊ शकत नाही.

नमुने केव्हा आणि कसे

०, ३, ६, १२ आणि २४ तासांनी नमुने घ्यावेत. जनुकांचे वाचन पहिल्या काही तासांतच बदलते. बाहेर पडलेले प्रथिन मोजण्याजोगे व्हायला अधिक वेळ लागतो. प्रत्येक नमुन्यात चार गोष्टी मोजाव्यात: सामू, उरलेले ग्लुकोज, कवकजालाचे प्रथिन आणि एन्झाइमची क्रिया.

उरलेले ग्लुकोज मोजणे हे प्रकल्पांत सर्वाधिक वगळले जाणारे काम आहे आणि निष्कर्ष सर्वांत जास्त बिघडतात ते त्यामुळेच. १ टक्का ग्लुकोज जोमाने वाढणाऱ्या बुरशीला एक-दोन दिवस पुरते. ते संपले की दमन उठते. जो प्रयोगकर्ता पाचव्या दिवशी एकदाच नमुना घेतो, तो खरे तर ग्लुकोज संपून गेल्यानंतरची स्थिती मोजतो आणि ‘ग्लुकोजचा परिणाम सौम्य आहे’ असे लिहितो. रक्तशर्करेच्या तपासणीत वापरले जाणारे ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज संच इथे उत्तम चालतात. नमुना योग्य पट विरळ करावा एवढेच. ग्लुकोजचा आणि एन्झाइमचा आलेख एकाच वेळ-अक्षावर काढला की दमन कुठे संपले ते डोळ्यांना दिसते. सोफोरोजच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते. बीटा-ग्लुकोसायडेज त्याचे तुकडे करते, त्यामुळे काही तासांत प्रेरकच नाहीसा होतो. लांब प्रयोगात ते थोड्या थोड्या मात्रेत पुन्हा घालावे.

सेल्युलोज असलेल्या फ्लास्कमध्ये कोरडे वजन निरुपयोगी ठरते, कारण न पचलेले सेल्युलोज कवकजालाबरोबरच तराजूवर येते. तिथे कवकजाल व सेल्युलोजचा गोळा धुऊन सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून प्रथिन काढावे आणि तेच मोजावे. तुलना सारखी राहावी म्हणून सर्व फ्लास्कना हीच पद्धत लावावी.

एन्झाइमचे मापन: ग्लुकोजच चाचणीत अडथळा आणते तेव्हा

सेल्युलेज मोजण्याची रूढ पद्धत डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाची, म्हणजे डीएनएस. एन्झाइमने सोडवलेल्या क्षपणकारी शर्करा उकळत्या अभिकारकाशी लाल-तपकिरी रंग देतात आणि तो ५४० नॅनोमीटरला मोजतात. फिल्टर पेपरच्या चाचणीत ०.५ मिलिलिटर एन्झाइम, १ मिलिलिटर सायट्रेट बफर आणि व्हॉटमन क्रमांक १ कागदाची १ × ६ सेंटिमीटरची, सुमारे ५० मिलिग्रॅमची पट्टी ५० अंश सेल्सिअसला एक तास ठेवतात आणि २ मिलिग्रॅम ग्लुकोज सुटेल एवढे एन्झाइम शोधतात. आता १ टक्का ग्लुकोजच्या फ्लास्कमधला नमुना डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या ०.५ मिलिलिटरमध्ये आधीच ५ मिलिग्रॅम ग्लुकोज आहे. जे मोजायचे त्याच्या अडीच पट शर्करा आपण स्वतःच नळीत ओतली. एन्झाइमचा कोरा (कागदाविना ठेवलेला) नमुना वजा करून हे भागत नाही, कारण वाचन सरळ रेषेच्या बाहेर गेलेले असते आणि दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून छोटा आकडा विश्वासार्ह निघत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, नमुना मोजण्यापूर्वी सेफाडेक्स जी-२५ या, आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या छोट्या स्तंभातून काढावा किंवा १० किलोडाल्टनच्या पडद्यावर गाळून बफरने दोनदा धुवावा. शर्करा निघून जाते आणि प्रथिन राहते. शर्करा नसलेल्या फ्लास्कच्या नमुन्यांवरही हीच प्रक्रिया करावी, म्हणजे गळती सर्वांची सारखी होते. दुसरा उपाय म्हणजे पॅरा-नायट्रोफिनॉल जोडलेली कृत्रिम संयुगे. पॅरा-नायट्रोफिनिल सेलोबायोसाइड तुटले की पिवळा रंग सोडियम कार्बोनेट घालून ४०५ नॅनोमीटरला मोजता येतो आणि ग्लुकोज त्यात रंग भरत नाही. मात्र बीटा-ग्लुकोसायडेजही या संयुगाला तोडू शकते, म्हणून ग्लुकोनोलॅक्टोन घालून त्याला रोखावे लागते.

कृत्रिम संयुग वापरले तरी ग्लुकोज आणि सेलोबायोज (दोन ग्लुकोजची शर्करा) एन्झाइमच्या क्रियेला रोखतात, हे उरतेच. बीटा-ग्लुकोसायडेज ग्लुकोजने आणि सेलोबायोहायड्रोलेज (सेल्युलेजचा एक घटक) सेलोबायोजने मंदावते. त्यासाठी एक साधी जोडचाचणी करावी. दुसऱ्या फ्लास्कमधले, म्हणजे सोफोरोजने प्रेरित केलेले, एन्झाइम घेऊन त्याच्या एका भागात चौथ्या फ्लास्कइतके ग्लुकोज मिसळावे आणि दोन्ही भाग लगेच मोजावेत. मिसळलेल्या भागात क्रिया घटली तर ती घट दमनाच्या खात्यावर टाकता येत नाही. तोच मिश्रित नमुना २८ अंशांवर, चौथ्या फ्लास्कच्या सामूवर, काही तास ठेवून पुन्हा मोजला तर एन्झाइमचा नाश किती होतो तेही समजते.

अगार प्लेटवरची काँगो रेडची चाचणी दिसायला आकर्षक असते. कार्बोक्सिमिथिल सेल्युलोजच्या प्लेटवर ०.१ टक्का काँगो रेड पंधरा मिनिटे ठेवून १ मोलर मीठपाण्याने धुतले की एन्झाइमभोवती फिकट वलय उमटते. स्ट्रेन निवडण्यासाठी ती उपयोगी आहे. नियंत्रणाचे परिमाण काढण्यासाठी नाही, कारण वसाहतीची वाढ आणि एन्झाइमचा प्रसार हे दोन्ही त्या वलयात मिसळलेले असतात. काँगो रेड कर्करोगकारक गटातले रंगद्रव्य आहे आणि डीएनएसच्या अनेक कृतींत फिनॉल असते. हातमोजे आणि वेगळी कचराबाटली हवीच.

सोय असेल तर ३ आणि ६ तासांचे कवकजाल द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून आरएनए काढावे आणि सेलोबायोहायड्रोलेज-१ च्या जनुकाचे वाचन रिअल-टाइम पीसीआरने (आरएनएची मात्रा मोजणाऱ्या तंत्राने) मोजावे. प्रेरित आणि दमित स्थितींत या जनुकाच्या वाचनात हजार पटींहून अधिक फरक नोंदला गेला आहे. चाचणीतला अडथळा, सामूमुळे होणारा एन्झाइमचा नाश आणि प्रोटिएज यांपैकी काहीही या मोजमापाला लागत नाही. संदर्भजनुक, म्हणजे तुलनेसाठी स्थिर धरलेले जनुक, म्हणून ट्रायकोडर्मात एसएआर-१ स्थिर मानले जाते.

आकडे कसे वाचावेत

दुसऱ्या फ्लास्कमध्ये क्रिया भरपूर, चौथ्यात नगण्य, जोडचाचणीत घट नाही आणि दोन्हींचा सामू सारखा, असे आढळले तरच ग्लुकोजने निर्मिती रोखली असे म्हणावे. तेवढ्यानेही क्रे-१ सिद्ध होत नाही. ग्लुकोज पेशीच्या वाहक प्रथिनांवर परिणाम करून सोफोरोजला आत जाण्यापासूनही अडवू शकते. प्रेरक आत गेलाच नाही तर जनुक दाबण्याचा प्रश्नच येत नाही. हा फरक काढण्यासाठी माध्यमातल्या सोफोरोजचा ऱ्हास क्रोमॅटोग्राफीने पाहावा किंवा क्रे-१ काढून टाकलेला स्ट्रेन शेजारी ठेवावा.

इथे अनेकजण रट-सी३० या प्रसिद्ध स्ट्रेनकडे वळतात. क्यूएम६ए पासून अतिनील किरणे आणि नायट्रोसोग्वानिडीन हे उत्परिवर्तन घडवणारे रसायन यांच्या साहाय्याने तो टप्प्याटप्प्याने निवडला गेला, आणि त्यातले क्रे-१ प्रथिन अर्धवट आहे. पण त्याच्या जीनोममधून सुमारे ८५ हजार बेसजोड्यांचा, २९ जनुकांचा एक तुकडाही गळालेला आहे. म्हणून क्यूएम६ए आणि रट-सी३० यांच्यातला प्रत्येक फरक क्रे-१ च्या नावावर लिहिणे चुकीचे आहे. त्यासाठी त्याच पार्श्वभूमीवर फक्त क्रे-१ काढलेला स्ट्रेन लागतो. रट-सी३० एक गोष्ट मात्र चांगली दाखवतो. ग्लुकोजवर तो थोडे सेल्युलेज बनवतो, पण प्रेरक मिळाल्यावर त्याहून कितीतरी अधिक. दमन उठणे आणि प्रेरणा मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत हे त्यातून स्पष्ट होते.

स्वतः दमनमुक्त स्ट्रेन शोधायचे असतील तर २-डीऑक्सिग्लुकोज उपयोगी पडते. बुरशी त्याला ग्लुकोज समजून दमन सुरू करते, पण त्यावर वाढू शकत नाही. सेल्युलोजच्या प्लेटमध्ये ते मिसळले की सामान्य स्ट्रेनला सेल्युलोज पचवता येत नाही आणि दमन सुटलेल्या वसाहतीभोवती वलय दिसते. निवडलेली प्रत्येक वसाहत पुन्हा साध्या ग्लुकोजवर तपासावी, कारण काही उत्परिवर्तने दमनाशी संबंध नसून फक्त या रेणूचा शिरकाव किंवा त्याचे फॉस्फरीकरण अडवणारी असतात.

मोठ्या पात्रात

फ्लास्कमध्ये सिद्ध झालेले नियंत्रण किण्वन पात्रात थेट वापरता येते. सगळी शर्करा एकदम न घालता ती इतक्या सावकाश पुरवावी की बुरशी येईल तेवढी लगेच वापरेल आणि माध्यमातले मुक्त ग्लुकोज मोजण्याच्या मर्यादेजवळ राहील. मग ग्लुकोज अन्न म्हणून चालते आणि दमन होत नाही. प्रेरणेसाठी पुरवठ्यात लॅक्टोज असावे, किंवा तीव्र ग्लुकोज द्रावणावर बीटा-ग्लुकोसायडेजची क्रिया करून त्यात सोफोरोज तयार करून घ्यावे. औद्योगिक उत्पादनात ही युक्ती वापरली गेली आहे. पुरवठ्याचा वेग ठरवताना विरघळलेल्या ऑक्सिजनचा आलेख समोर ठेवावा. पुरवठा क्षणभर थांबवल्यावर ऑक्सिजन लगेच उसळला तर शर्करा साचलेली नाही. तो काही मिनिटे तसाच राहिला तर पात्रात शिल्लक ग्लुकोज आहे, आणि वेग कमी करावा लागेल.